डुकरातून आलेला मेनिंजायटिस: ताप उतरला की लगेच कानांकडे बघा

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी आणि उपचार करणारी व्यक्ती आहे. मेनिंजायटिसमधून (मेंदूभोवतीच्या आवरणाला संसर्गाने येणारी सूज) वाचलेला पेशंट माझ्यापर्यंत येतो तेव्हा ताप केव्हाच उतरलेला असतो आणि घरचे सांगतात, "अशक्तपणामुळे ऐकू येत नाहीये, येईल हळूहळू." त्या मेनिंजायटिसचं कारण स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू असेल तर ही वाट बघणं फार महागात पडतं.

हा जिवाणू डुकराच्या नाकात आणि टॉन्सिलमध्ये राहतो. डुक्कर दिसायला ठणठणीत असू शकतं. माणसात तो हातावरच्या जखमेतून शिरतो, नाहीतर कच्चं, अर्धवट शिजलेलं मांस किंवा रक्त खाण्यातून. माणसांमधले पहिले रुग्ण डेन्मार्कमध्ये १९६८ साली नोंदले गेले. २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात मोठी साथ आली, दोनशेवर लोक आजारी पडले. व्हिएतनाममध्ये तर मोठ्या माणसांना होणाऱ्या जिवाणूजन्य मेनिंजायटिसचं हे एक प्रमुख कारण आहे.

ताप, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. तिथे कुणी विचारो न विचारो, डुकरांशी किंवा त्यांच्या मांसाशी संबंध आला होता हे स्वतःहून सांगा. कधी कधी एकदम ऐकू येईनासं होणं हेच पहिलं लक्षण असतं. अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड दिल्यास बहिरेपणाचा धोका कमी होतो, असं व्हिएतनाममधल्या अभ्यासात दिसलं आहे. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही विचारायला मात्र लाजू नका.

आता कान. मेंदूभोवतीचं पाणी आणि आतल्या कानातलं पाणी एका बारीक नळीने जोडलेलं असतं. संसर्ग त्या वाटेने कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाकृती भागात उतरतो आणि ऐकण्याच्या नाजूक पेशी मारतो. बहुतेकदा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून घरच्यांना वाटतं, "ऐकू तर येतंय." पेशंटच्या मागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात "साठ" म्हणा. त्याने "आठ" सांगितलं, तर "स" गेला असं समजा. अर्थात यात तो चुकला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. डिस्चार्जच्या आधीच ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची मशीनवरची तपासणी मागा. पेशंट गुंगीत असेल तर बेरा (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी) करता येते, तिला त्याच्या उत्तराची गरज नसते.

दोन्ही कानांत जवळजवळ काहीच उरलं नसेल तर घाई करा, अगदी भांडून करा. सूज ओसरताना कॉक्लियात आधी तंतू भरतात, मग हाड. हे काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतं, आणि एकदा जागा बुजली की कॉक्लियर इम्प्लांटची (ऑपरेशनने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) तार आत सरकवणं अवघड होतं. "सहा महिने कानाचं मशीन लावून बघू" हा सल्ला इतर बहिरेपणात चालेल, इथे नाही. मशीन लावा, पण एमआरआय आणि इम्प्लांटची तपासणी त्याच वेळी सुरू करा. ऑपरेशनआधी न्यूमोकोकसची लस घ्यावी लागते, तीही विचारून ठेवा.

तोल सांभाळणारा भाग कॉक्लियाच्या शेजारीच असतो. दोन्ही बाजूंचा गेला तर गरगरतही नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पेशंट सांगतो ते असं: चालताना समोरच्याचा चेहरा हलतो, थांबलं की स्थिर. मग तो चष्म्याचा नंबर तपासून येतो! चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, कारण त्यांनी मेंदूचं जुळवून घेणं लांबतं.

नजर स्थिर ठेवायला मदत करणारा व्यायाम साधा आहे. कागदावर एक ठसठशीत अक्षर लिहून हातभर अंतरावर धरा, नजर अक्षरावर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवा. अक्षर पुसट व्हायला लागलं की वेग कमी करा. आधी बसून, मग उभं राहून, बाजूला कुणीतरी हवंच. नीट बसवून द्यायला फिजिओथेरपिस्ट गाठा.

हा संसर्ग डोळ्यांपर्यंतही जाऊ शकतो, म्हणून डोळा लाल झाला, दुखला किंवा दोन-दोन दिसू लागलं तर डोळ्यांचे डॉक्टर त्याच दिवशी.

रात्री संडासच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. अंधारात डोळ्यांचा आधार सुटतो आणि माणूस पडतो. आणि पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला एकट्याला पाण्यात उतरू देऊ नका. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे, हे त्याला कळेलच असं नाही.