टेक सपोर्टच्या नोकरीआधीची टायपिंग चाचणी: या चुका टाळा

टेक सपोर्टच्या नोकरीसाठी अर्ज केला की मुलाखतीच्या आधी अनेकदा एक छोटी ऑनलाइन टायपिंग चाचणी द्यावी लागते, आणि तांत्रिक ज्ञान उत्तम असलेले उमेदवारही तिथेच गळतात. नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टीमची उजळणी मन लावून केली जाते; टायपिंग मात्र ‘ते तर येतेच’ म्हणून बाजूला राहते. बोटे खरोखर संथ असल्यामुळे नापास होणारे त्या मानाने कमीच असावेत. चाचणीत नेमके काय मोजले जाते हे ठाऊक नसणे, सराव वेगळ्याच प्रकारच्या मजकुरावर झालेला असणे आणि ऐन वेळी संगणकाची एखादी सेटिंग आडवी येणे ही नेहमीची कारणे आहेत, आणि ही तिन्ही आधी दूर करता येतात.

हिशेब न समजता वेगाच्या मागे लागणे

टायपिंगच्या मोजणीत एक शब्द म्हणजे स्पेस धरून पाच अक्षरे. पाच मिनिटांत १,५०० अक्षरे टाइप झाली तर ते ३०० शब्द झाले, म्हणजे मिनिटाला ६० शब्द. हा झाला ढोबळ वेग. निव्वळ वेग काढताना बहुतेक चाचण्यांत न सुधारलेल्या प्रत्येक चुकीमागे एक पूर्ण शब्द वजा केला जातो. या उमेदवाराच्या ६० चुका राहिल्या असतील तर मिनिटाला १२ शब्द कापले जातात आणि हाती ४८ उरतात. शेजारचा उमेदवार संथपणे मिनिटाला ५० शब्द टाइप करतो, पण पाच मिनिटांत त्याच्या पाचच चुका राहतात. त्याचा निव्वळ वेग ४९ भरतो. शिवाय पहिल्याची अचूकता ९६ टक्के आणि दुसऱ्याची ९९.६ टक्के. अचूकतेची किमान मर्यादा ९७ किंवा ९८ टक्के ठेवलेली असेल, तर पहिल्या उमेदवाराचा वेग कोणी पाहणारही नाही.

काही ठिकाणी अट शब्दांत न देता ताशी किती कळा दाबल्या जातात या भाषेत दिलेली असते. ताशी १०,५०० हा आकडा वाचून धास्ती वाटते, पण तो मिनिटाला १७५ कळा, म्हणजे अवघे ३५ शब्द इतकाच होतो. अर्ज करण्याआधी एवढा भागाकार करून पाहावा.

बॅकस्पेसचा चुकीचा वापर

माझ्या मते सर्वांत जास्त गुण येथे वाया जातात, आणि तेही दोन उलट दिशांनी. काहीजण चूक दिसली तरी मागे न पाहता पुढे धावतात, तर काहीजण तीन शब्दांपूर्वीची चूक सुधारण्यासाठी सगळे पुसत मागे जातात. वरच्या हिशेबाने पाहिले तर न सुधारलेली चूक एका शब्दाला, म्हणजे पाच कळांना पडते. शेवटचेच अक्षर चुकले असेल तर एक बॅकस्पेस आणि एक योग्य अक्षर, अशा दोन कळांत काम होते. चूक दोन अक्षरे मागे असेल तर चार कळा लागतात. तीन अक्षरे मागे गेलो की सहा कळा लागतात आणि व्यवहार तोट्याचा होतो. अठरा अक्षरे मागे जायचे तर अठरा पुसणे आणि अठरा पुन्हा लिहिणे अशा छत्तीस कळा लागतात. मिनिटाला ५० शब्दांच्या वेगाने यात जवळपास नऊ सेकंद जातात. तेव्हा बोटाला जाणवलेली चूक तिथल्या तिथे सुधारावी आणि मागे राहून गेलेली सोडून द्यावी.

या नियमाला दोन अपवाद आहेत. अचूकतेची किमान मर्यादा कडक असेल तर जुनी चूकही सुधारणे भाग पडते. दुसरा अपवाद अधिक फसवा आहे: काही चाचण्या तुमचा मजकूर मूळ मजकुराशी अक्षराच्या जागेनुसार ताडून पाहतात, त्यामुळे एक अक्षर गाळले तरी पुढचे सगळे एका जागेने सरकून चुकीचे ठरते. काही चाचण्या शब्दाशी शब्द जुळवतात आणि त्यांत नुकसान एका शब्दापुरते राहते. चाचणीआधी सरावाची फेरी दिलेली असेल तर तिच्यात मुद्दाम एक अक्षर गाळून निकाल कसा बदलतो ते पाहावे. अनेकजण ही फेरी बोटे मोकळी करण्यापुरती वापरतात आणि तिच्यातून मिळू शकणारी माहिती सोडून देतात. बॅकस्पेस चालतो की नाही हेही तेव्हाच कळते, कारण काही चाचण्यांत तो बंद असतो.

सोप्या मजकुरावर सराव

मंकीटाइप किंवा टेनफास्टफिंगर्स यांसारख्या संकेतस्थळांवरील नेहमीच्या चाचणीत इंग्रजीतले अतिपरिचित दोनशे शब्दच फिरून फिरून येतात आणि विरामचिन्हे, मोठी अक्षरे, आकडे नसतात. तिथे मिळालेला ७०चा आकडा खरा असतो, पण तो त्या मजकुरापुरता. टेक सपोर्टच्या चाचणीत ग्राहकाची तक्रार, सीरियल नंबर, एरर कोड, ईमेल पत्ता किंवा १९२.१६८.१.१ सारखा आयपी ॲड्रेस येऊ शकतो, आणि आकड्यांच्या ओळीकडे बोट वळले की नजर कीबोर्डवर जाते व लय मोडते. मंकीटाइपमध्ये विरामचिन्हे आणि आकडे चालू करण्याची सोय आहे. ती वापरून आणि चाचणीचा अवधी किमान पाच मिनिटे ठेवून सराव केल्यास आकडा खाली येईल, पण तो विश्वासार्ह असेल. शून्य आणि इंग्रजी ओ, तसेच एक आणि लहान एल यांची गफलत टाळण्यासाठी कोड तीन-चार अक्षरांच्या गटांत वाचावा.

काही चाचण्यांत ध्वनिमुद्रण ऐकत नोंद लिहायची असते. येथे बोलणारा थांबेपर्यंत वाट पाहणे ही चूक आहे आणि प्रत्येक शब्द उतरवून काढण्याचा प्रयत्न ही त्याहून मोठी चूक आहे. उपकरण कोणते, संदेश काय दिसतो, ग्राहकाने आधी काय करून पाहिले आणि आता स्थिती काय आहे, एवढे चार मुद्दे ऐकता ऐकता टाइप होत गेले पाहिजेत. चॅट सपोर्टमध्ये एका वेळी दोन-तीन ग्राहकांशी बोलावे लागते, म्हणून त्या पदांसाठीच्या चाचणीत दोन खिडक्यांमध्ये ये-जा करत उत्तरे द्यायला सांगितली जाऊ शकतात. अशा वेळी दुसऱ्या खिडकीत गेल्यावर कर्सर नेमका कुठे आहे हे न पाहता टाइप करू लागल्यास उत्तर भलत्याच ग्राहकाला जाते.

बोटे बरोबर, अक्षरे चुकीची

अवतरणचिन्हाच्या जागी ॲट द रेट उमटत असेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही. संगणकात अमेरिकी आणि ब्रिटिश मांडणींपैकी भलतीच निवडलेली आहे. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की मांडणी बदलते, आणि घाईत ही जोडी नकळतही दाबली जाते. देवनागरी कीबोर्ड बसवलेला असेल तर इंग्रजी मजकुराच्या जागी अचानक मराठी अक्षरे येतात. चाचणीपुरती एकच मांडणी ठेवून बाकीच्या काढून टाकणे हा खात्रीचा उपाय आहे.

शिफ्ट सलग पाच वेळा दाबली गेली की विंडोज स्टिकी कीजची चौकट उघडते आणि चाचणीची खिडकी मागे पडते. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली गेली तर फिल्टर कीज सुरू करण्याची विचारणा होते, आणि नकळत होकार दिला गेला तर भरभर दाबलेली अक्षरे गळू लागतात. उमेदवार मात्र इंटरनेटला दोष देत राहतो. सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटीच्या भागात जाऊन या दोन्हींचे शॉर्टकट बंद करावेत. कर्सर मध्येच दुसऱ्या ओळीत उडी मारत असेल तर तळहात टचपॅडला लागत आहे, तो बंद करावा. नवे अक्षर पुढच्या अक्षराला पुसून टाकत असेल तर इन्सर्टची कळ दाबली गेली आहे. उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीतून आकडे येत नसतील तर नम लॉक पाहावा.

ब्राउझरमधील व्याकरण तपासणारी एक्स्टेन्शन्स आणि आपोआप शब्द पूर्ण करणारी साधने हा वेगळाच त्रास आहे. ती मजकूर परस्पर बदलतात, आणि काही चाचण्या अशा बदलाला पेस्ट केलेला मजकूर समजून लबाडीची खूण करतात. मॅकवर सरळ अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह घालणारी सेटिंग असते. डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, तपासणाऱ्या प्रणालीला मात्र ते वेगळेच चिन्ह असते. एक्स्टेन्शन्स नसलेल्या स्वतंत्र प्रोफाइलमध्ये चाचणी उघडल्यास यातले बरेचसे टळते. चाचणी ज्या कीबोर्डवर द्यायची त्यावरच शेवटचे काही दिवस सराव करावा. आदल्या रात्री घेतलेला महागडा मेकॅनिकल कीबोर्ड वेग वाढवण्याऐवजी कमीच करतो.

अर्जातला आकडा आणि बंद पडलेली चाचणी

पंधरा सेकंदांच्या सर्वोत्तम फेरीतला आकडा बायोडेटात लिहिणे धोक्याचे आहे, कारण भरतीच्या पुढच्या टप्प्यावर समोर बसवून पुन्हा टाइप करून घेतले जाऊ शकते. पाच मिनिटांच्या अनेक फेऱ्यांचा मधला आकडा, निव्वळ वेग आणि अचूकता अशा स्वरूपात लिहावा.

चाचणी चालू असताना पान अडकले तर लगेच रिफ्रेश करू नये. बऱ्याच लिंक एकदाच चालतात, आणि रिफ्रेश केल्यावर अर्धवट निकाल अंतिम म्हणून जमा होण्याची शक्यता असते. आधी पडद्याचे छायाचित्र घ्यावे, वेळ आणि दिसणारा संदेश टिपून ठेवावा, इंटरनेट चालू आहे का ते दुसऱ्या उपकरणावर पाहावे आणि मग भरती विभागाला त्याच दिवशी थोडक्यात ईमेल लिहावा: कोणती चाचणी, किती वाजता, कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या टप्प्याला थांबली. चाचणीचा निकाल लागल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा असा ईमेल गंभीरपणे घेतला जाण्याची शक्यता बरीच जास्त असते.