स्वतःच्या ट्यून्सचा जॅझ अल्बम काढताय? या चुका टाळा

मुंबई, पुणे, गोव्यात स्वतःच्या ट्यून्स लिहिणारे जॅझ बँड दिसतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण स्टँडर्ड्स (सगळेच वाजवतात त्या जुन्या प्रसिद्ध ट्यून्स) वाजवून बँड तयार होतो पण लोकांच्या लक्षात राहतो तो स्वतःच्या ट्यून्समुळे. फक्त अल्बम काढायची वेळ आली की दर वेळी त्याच चुका आणि तीच भांडणं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्यून स्टेजवर न वाजवता थेट स्टुडिओत नेणं. लॅपटॉपवर लिहिली, प्लेबॅक ऐकला, भारी वाटलं, लगेच स्टुडिओ बुक. अरे थांबा ना जरा! प्लेबॅकमधल्या ट्रम्पेटला श्वास घ्यावा लागत नाही, तुमच्या ट्रम्पेटवाल्याला लागतो, आणि वरच्या पट्टीतल्या लांब ओळीनं दोन-तीन टेकमधे (एकदा पूर्ण वाजवून रेकॉर्ड केलं की एक टेक) त्याचे ओठ थकतात.

एका क्विंटेटच्या सेशनला मी हजर होतो. टेनर सॅक्स, ट्रम्पेट, पियानो, डबल बास, ड्रम्स, आणि स्टुडिओचं भाडं तासावर. पार्ट्स, म्हणजे प्रत्येकानं काय वाजवायचं ते लिहिलेले कागद, आदल्या रात्री प्रिंट केलेले. हॉर्न्स, म्हणजे सॅक्स आणि ट्रम्पेट, सुरू झाले आणि पियानोवाला थांबलाच, कारण ते दोघंही सरळ एक टोन खाली वाजत होते. पार्ट्स कॉन्सर्ट पिचमधेच, म्हणजे पियानोला लिहितात तसेच, छापलेले! टेनर आणि ट्रम्पेट दोन्ही बी फ्लॅटची वाद्यं, त्यांनी कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणून त्यांचं सगळं एक टोन वर लिहावं लागतं, टेनरचं तर त्याशिवाय आणखी एक सप्तक वर (आल्टो असेल तर तो ई फ्लॅटचा, त्याचं आणखी वेगळं). सॅक्सवाले अंकल जुने, अनुभवी, म्हणाले बघता बघता बदलून वाजवतो, आणि मेलडी वाजवलीही त्यांनी, पण ब्रिजमधे (ट्यूनच्या मधल्या वेगळ्या भागात) दर दोन बीट्सला कॉर्ड बदलत होता, तिथे सोलो घेताना माणूस हिशोब करणार की वाजवणार? त्यात कळलं की सोलोनंतर कुठे जायचं हेच पार्टवर नाही. कंपोजरच्या मनात पुन्हा ब्रिजपासून, ड्रमरच्या मनात पहिल्यापासून. अख्खी दुपार त्यात गेली, आणि संध्याकाळी घाईघाईत जे टेक्स झाले त्यात सगळे जपून जपून वाजवतायत हे कोणालाही ऐकू येईल. तो कंपोजर पोरगा रडवेला होऊन एकच म्हणत होता, "घरी तर बरोबर वाजत होतं." पोरगा गुणी आहे, ट्यूनही सुंदर होती, म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

माझी सवय अशी की चार-पाच गिग्समधे वाजल्याशिवाय कुठलीच ट्यून रेकॉर्डिंगच्या यादीत घ्यायची नाही. इंट्रो लांबलाय, टेम्पो थोडा खाली हवाय, बासच्या सोलोत लोक गप्पा मारायला लागतात, हे लोकांसमोरच कळतं. पार्ट प्रत्येक वाद्याचा वेगळा, वर मोठ्या अक्षरात वाद्याचं नाव, आणि खाली फॉर्म, म्हणजे कुठून कुठे जायचं ते, चक्क वाक्यात लिहिलेला. रिहर्सलचे पैसे वाचवणाऱ्यांनी हे वाचा: ब्लू नोट लेबलचे आल्फ्रेड लायन रेकॉर्डिंगआधीच्या रिहर्सलचेसुद्धा पैसे वादकांना देत. 1950-60 च्या काळातल्या त्या रेकॉर्ड्सवर अवघड ओरिजिनल ट्यून्स इतक्या सहज वाजतात त्यात या रिहर्सलचा मोठा हात आहे.

दुसरी चूक, आणि हिच्यावर मी कितीही वेळ बोलू शकतो, ती क्रेडिटची. "आपण सगळे भाऊ आहोत, नंतर बघू." नाही बघत कोणी नंतर! चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही गोव्याची माणसं, जॅझचे नावाजलेले ट्रम्पेटवाले, हिंदी सिनेमाच्या संगीतात यांनी आणि यांच्यासारख्या कितीतरी गोवेकरांनी जीव ओतला, आणि नाव आलं तर सहाय्यक म्हणून, बऱ्याच जणांचं तेवढंही नाही. हे माहीत असून आपण आपल्याच छोट्या बँडमधे तेच करायचं? एक चांगला बँड माझ्या डोळ्यांसमोर यावरूनच फुटला. बासवाल्याच्या रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ओळीवर) ट्यून उभी होती आणि अल्बमवर नाव एकट्या पियानोवाल्याचं.

ट्यूनचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, हे आधी डोक्यात पक्कं करा. ट्यून कोणाची, अरेंजमेंट कोणाची, कोणाचा किती टक्के, हे रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका कागदावर लिहायचं, सगळ्यांच्या सह्या, फोटो ग्रुपवर. नुसता सोलो घेतला म्हणून ट्यूनमधे वाटा मी धरत नाही, पण रिफ दिला असेल तर नक्की धरतो. कंपोजरनं आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्यायचं, फॉर्म भरायचा कंटाळा चालणार नाही.

बाकीचं पटापट. स्विंग ट्यून क्लिकवर (हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर) एकेकानं वेगळी रेकॉर्ड करू नका, एका खोलीत बसा, एकमेकांकडे बघा. आवाज एकमेकांच्या माइकमधे जाणारच, त्यामुळे नंतर एकाचाच सोलो बदलता येणार नाही हे धरून चाला. चौथ्या टेकनंतर चहा घ्या आणि पुढची ट्यून घ्या. मास्टरिंगवाल्याला (रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला) "अजून लाऊड" म्हणू नका, स्पॉटिफाय सगळं साधारण मायनस 14 एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून ठेवतं, तुमच्या हाती फक्त चिरडलेल्या सिंबल्स राहतात. तिथे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान 7 दिवस आधी, मी महिनाभर आधीच अपलोड करायला लावतो.

आणि लाँच. मास्टर, म्हणजे तयार झालेलं अंतिम रेकॉर्डिंग, हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका, हॉल स्वस्तात मिळतोय म्हणून तर अजिबात नाही. लाँचला अख्खा अल्बम त्याच क्रमानं वाजवायची गरज नसते, मी पहिली आणि शेवटची ट्यून सगळ्यात जास्त मुरलेली ठेवतो. सीडी-टीशर्टच्या टेबलावर बँडमधला माणूस बसवू नका, त्याला भेटायलाच गर्दी होते आणि विक्री राहते बाजूला. हॉलचा पियानो "परवाच ट्यून केलाय" असं कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवायचा नाही, पावसाळ्यात तर नाहीच, दमट हवेनं लाकूड फुगतं आणि सूर हलतो. ट्यूनरला त्याच दिवशी दुपारी बोलवा, एसी कार्यक्रमात असेल तसाच चालू ठेवून, आणि त्याचं होईपर्यंत ड्रमरला स्टेजवर चढू देऊ नका, नाहीतर बिचाऱ्याला तार ऐकूच येत नाही.