वाचलेल्या पुस्तकावर मोकळा अभिप्राय कसा लिहावा

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात टेबलाच्या खणात एक लांबट नोंदवही असते आणि पुस्तक परत करताना वाचकाने तिच्यात चार ओळी लिहाव्यात अशी अपेक्षा असते. गेल्या पावसाळ्यात झड लागून शेतातली कामे आठवडाभर थांबली, तेव्हा मी ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली. ‘पुस्तक छान आहे’, ‘वाचनीय आहे’, ‘प्रत्येकाने वाचावे’ अशी वाक्ये पानोपानी होती. ती कादंबरीखाली होती तशीच कुक्कुटपालनाच्या पुस्तकाखालीही होती. त्यांतली काही माझ्याच हस्ताक्षरात होती. पुढे मी माझे अभिप्राय निराळ्या रीतीने लिहू लागलो. त्यात ज्या चुका झाल्या आणि जे उमगले, ते येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी की, अभिप्राय कोणासाठी लिहायचा हे मनाशी पक्के करावे. तो लेखकासाठी नसतो, कारण लेखक आपल्या गावची वही पाहायला येत नाही. तो आपल्यानंतर तेच पुस्तक हातात घेऊन ‘नेऊ की नको’ असा विचार करणाऱ्या माणसासाठी असतो. आमच्यासारख्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सर्वांत खालच्या, वाचनालयात नवी पुस्तके मोजकीच येतात, आणि दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला किंवा परीक्षेच्या तयारीतून तासभर काढणाऱ्या मुलाला चुकीचे पुस्तक घरी नेणे परवडत नाही. हा वाचक डोळ्यांसमोर असला की ‘छान’ हा शब्द आपोआप अपुरा वाटू लागतो.

वाचताना टिपणे ठेवावीत. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नये. मी जुन्या दिनदर्शिकेची पाने चौघडी फाडून खूण म्हणून वापरतो आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर पान क्रमांक आणि दोनतीन शब्द लिहितो. काय लिहायचे, याचा नियम साधा आहे. जेथे आपण थांबलो, मागे वळून पुन्हा वाचले, कंटाळलो, चिडलो किंवा ‘हे असे नसते’ असे मनात आले, तेथे नोंद करायची. या चिठ्ठ्या नसतील तर पुस्तक संपल्यावर शेवटच्या वीस पानांचाच प्रभाव उरतो, आणि आपण शेवटावरून सगळ्या पुस्तकाला गुण देऊन मोकळे होतो. पुस्तक संपल्यावर निदान दोन दिवस जाऊ द्यावेत. त्या काळात जे आपसूक आठवते, ते अभिप्रायात सर्वांत आधी यावे.

आता भिडेविषयी, कारण खेड्यात खरी अडचण तीच असते. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका परिचिताने स्वखर्चाने कादंबरी छापली, घरी येऊन प्रत दिली, चहा घेतला, आणि वहीत दोन शब्द लिहिण्याची विनंती केली. कादंबरी मला मुळीच आवडली नव्हती. पहिल्या चाळीस पानांत अकरा पात्रे येत होती आणि त्यांतली सात पुन्हा दिसत नव्हती. तरीही मी ‘ग्रामीण जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण’ असे लिहिले. ते वाचून शेजारच्या गावच्या एका शिक्षिकेने ती विकत घेतली आणि महिन्याभराने, कोणताही त्रागा न करता, मला विचारले, “तुम्ही ती पूर्ण वाचली होती का?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून ओळखीच्या माणसाच्या पुस्तकासाठी मी एक रीत पाळतो. अभिप्रायाच्या पहिल्याच वाक्यात ‘लेखक माझ्या परिचयाचे आहेत’ असे लिहितो. मग जे जमले आहे ते पान क्रमांकासह सांगतो, जे जमले नाही तेही पान क्रमांकासह सांगतो, आणि लेखकाविषयी एकही विशेषण वापरत नाही. एवढेही करण्याची हिंमत नसेल, तर अभिप्राय न लिहिणे अधिक बरे.

कथात्मक आणि वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकांना एकच माप लावू नये. कादंबरीकडे जाताना मी स्वतःला विचारतो की, या माणसांवर माझा विश्वास बसला का, आणि बसला नसेल तर नेमका कोणत्या प्रसंगी उडाला. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही 1960 साली प्रकाशित झालेली कादंबरी मी या पावसाळ्यात दुसऱ्यांदा वाचली. कौतिक ही बाई निष्क्रिय नवरा आणि दारिद्र्य यांच्याशी झगडत संसार ओढत राहते. लेखक तिची कीव करत नाही, आणि ही या पुस्तकाची मोठी ताकद आहे, असे मला वाटते. तरीही माझ्या एका चिठ्ठीवर ‘आता पुरे’ असे दोन शब्द आहेत, कारण संकटामागून संकट येत राहते आणि एका टप्प्यावर माझे मन बधिर झाले. हे लिहिताना मला संकोच वाटला. नावाजलेल्या कादंबरीवर आपण बोट ठेवणारे कोण, असा प्रश्न पडला. परंतु पुढच्या वाचकाला ही सूचना मिळाली तर तो पुस्तक टाळेलच असे नाही. कदाचित तो सलग न वाचता थोडेथोडे वाचील, आणि ते या पुस्तकाला अधिक मानवेल.

वऱ्हाडी संवाद असलेल्या पुस्तकावर लिहिताना दोन चुका सहज होतात. एक म्हणजे बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणे, आणि दुसरी म्हणजे बोली दिसली की लगेच ‘अस्सल’ म्हणून टाळ्या वाजवणे. याची परीक्षा घरी करता येते. संवाद मोठ्याने वाचावा, आणि शक्य असल्यास घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर वाचावा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘शाळा’ची ‘शाया’ होते. ‘करत आहे’ऐवजी ‘करून रायला’ असे बोलले जाते. पण केवळ ‘लय’ आणि ‘बापा’ पेरून, वाक्याची ठेवण मात्र पुस्तकी ठेवली असेल, तर ते कानाला लगेच कळते. एका कादंबरीतले पान मी शेजारच्या वयस्क कास्तकाराला वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, “हा मानूस कधी वावरात गेला नाही, अन् वावराच्या गोष्टी सांगून रायला.” मी ते वाक्य त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे वहीत उतरवले. ‘धग’मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद वऱ्हाडीत, तीच परीक्षा तेथे घेतली असता वाचणाऱ्याला अडखळावे लागले नाही.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे, आणि पुरस्कारप्राप्त पुस्तकावर लिहिताना हात आखडतो. अशा वेळी मी अभिप्रायात पुरस्काराचा उल्लेख शेवटी करतो, म्हणजे लिहिताना त्याचे दडपण राहत नाही. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी कुटुंब यांची ही गोष्ट आहे. शेतीच्या कामांचे तपशील इतके नेमके आहेत की, मला त्यांत एकही चूक सापडली नाही. काही ठिकाणी मात्र पात्रे एकमेकांशी बोलत नसून सभेत भाषण करत आहेत, असे मला वाटले, आणि मी ते तसेच लिहिले. त्याचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो.

माहितीपर पुस्तकाची परीक्षा निराळी असते. लेखकाला हे कोठून कळले, हे तो सांगतो का, ते पाहावे. त्याशिवाय ज्या विषयाचा आपल्याला रोजचा अनुभव आहे, असे एक तरी विधान निवडून ते पडताळून पाहावे. या पडताळणीत मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. शेतीवरील एका पुस्तकात कापसाचे उत्पादन हेक्टरी सुमारे 400 किलो असे दिले होते. आमच्याकडे कोरडवाहूतही एकरी पाच क्विंटल कापूस होतो, म्हणजे हेक्टरी बारा क्विंटलांहून अधिक. तेव्हा लेखकाला शेतीतले काही कळत नाही, असे मी ठणकावून लिहिले. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्या एका वाचकाने ते वाचून माझी चूक दाखवली. पुस्तकातला आकडा रुईचा, म्हणजे सरकी काढल्यावर उरणाऱ्या तंतूंचा होता आणि माझा सरकीसह कापसाचा. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, 12.35 क्विंटल कापसाची रुई काढली तर ती 420 किलोच्या आसपास भरते, म्हणजे लेखक बरोबरच होता. तेव्हा ‘आकडा चुकीचा आहे’ असे लिहिण्यापूर्वी एकक कोणते, हे दोनदा पाहावे, आणि आपली चूक निघाली तर जुना अभिप्राय न खोडता त्याखाली दुरुस्ती लिहावी. माझी दुरुस्ती वहीत आहे.

‘विदर्भ’ हा शब्द शीर्षकात असलेल्या पुस्तकांसाठी मी आणखी एक कसोटी लावतो. अमरावती विभागातील पाच आणि नागपूर विभागातील सहा, असे एकूण अकरा जिल्हे या शब्दात येतात. कापसाचा प्रदेश आणि भंडारा-गोंदियाकडचा धानाचा, मालगुजारी तलावांचा (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेल्या तलावांचा) प्रदेश यांचे प्रश्न वेगळे आहेत. जे पुस्तक यवतमाळच्या चार गावांत फिरून ‘विदर्भातील शेतकरी’ असा निष्कर्ष काढते, त्यातील माहिती खरी असली तरी त्याचे शीर्षक फसवे आहे, असे नोंदवण्यात काही गैर नाही.

चरित्रे वाचताना आदर आडवा येतो. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे 1981 सालचे पुस्तक आमच्या वाचनालयात इतके फिरले आहे की, त्याची बांधणी दोनदा करून घ्यावी लागली. गुलामीत जन्मलेला हा अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ 1896 मध्ये टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेत गेला आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, रताळी घेण्याचा आग्रह त्याने धरला. कापसात तुरीचे तास टाकणाऱ्या आपल्या वाचकाला हा भाग घरचा वाटतो, आणि तसे मी लिहिले. मात्र हे पुस्तक वाचलेले कितीतरी लोक ‘शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरनेच शोधले’ असे सांगतात. शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसन यांना 1884 मध्येच मिळाले होते. कार्व्हर यांचे काम प्रसाराचे होते. 1916 च्या त्यांच्या पत्रिकेत भुईमुगाचे 105 खाद्यप्रकार दिलेले आहेत. अभिप्रायात मी हा खुलासा जोडला, आणि हेही लिहिले की, मला चरित्रनायकाच्या अपयशांविषयी आणखी वाचायला आवडले असते. चांगल्या माणसाच्या चरित्रावर टीका केली म्हणजे माणसावर टीका झाली, असा समज करून एक सभासद माझ्यावर काही दिवस रुसले होते. तो धोका पत्करावा लागतो.

मारुती चितमपल्ली यांच्या ‘चकवाचांदण’विषयी मी थोडक्यातच लिहिले. वनाधिकाऱ्याचे हे आत्मचरित्र जाडजूड आहे, ते क्रमाने वाचण्यापेक्षा हवे ते प्रकरण उघडून वाचावे, असा माझा सल्ला आहे. बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटले. असा एखादा शब्द कायमचा सोबत आला, तर तोही अभिप्रायात नोंदवण्याजोगा लाभ असतो.

पुस्तक अर्धवट सोडले असेल तर तसे सांगावे आणि कोणत्या पानावर सोडले, तेही लिहावे. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचे नाव न विसरता लिहावे. अक्षरे बारीक असतील तर त्याची नोंद अवश्य करावी, कारण आमचे निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत. गोष्टीचा शेवट फोडू नये, हे वेगळे सांगायला नको. लांबी म्हणाल तर वहीचे अर्धे पान पुरते.

उरलेले अर्धे पान कोरे ठेवावे. ‘बारोमास’वरील माझ्या अभिप्रायाखाली, जेथे मी ‘पात्रे भाषण करतात’ असे लिहिले होते, तेथे कोणीतरी पेन्सिलने, सही न करता लिहिले आहे: “भाषन नाही थे. आमच्या घरी असेच बोलतेत.” मी ती पाने पुन्हा वाचली. दोन प्रसंगांत त्या वाचकाचे म्हणणे मला पटले, तिसऱ्यात अजूनही पटलेले नाही, आणि हे तिन्ही प्रसंग पान क्रमांकांसह मी त्या पेन्सिलच्या ओळीखाली लिहून ठेवले आहेत.