स्टॉक फोटो नाकारला जातो तो कुठे?

स्टॉक फोटो म्हणजे कोणालाही वापरायला घेता यावा म्हणून साइटवर विक्रीला ठेवलेला फोटो. मोबाइलवर तो छान दिसतो, पण साइटचा तपासणारा तो १०० टक्के मोठा करून पाहतो. अपलोड करण्याआधी तुम्हीही तेच करा. आधी डोळे किंवा मुख्य वस्तूची कड पाहा. फोकस तिथे नसेल तर फोटो बाद. शार्पनिंग वाढवून तो वाचत नाही, उलट कडेला पांढरी रेघ उमटते. मग सावल्या. कमी उजेडातला फोटो एडिटिंगमध्ये उजळला की नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, तिथेच उफाळतो, आणि तो जास्त पुसला तर त्वचा मेणासारखी दिसते. त्यापेक्षा ट्रायपॉड लावून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० ठेवलेला बरा. थोडाच नॉइज असेल तर २४ मेगापिक्सेलचा फोटो १२ वर आणा. अ‍ॅडोबी स्टॉक या साइटला किमान ४ मेगापिक्सेल लागतात. निळ्या आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके शोधा, लेन्सचं छिद्र एफ/११ पेक्षा लहान केलं की ते हमखास दिसतात.

बाटलीवरचं लेबल, बुटावरचा लोगो पुसा. ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचं सही केलेलं मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायचं संमतीपत्र, हवं. गणपती मिरवणुकीतल्या गर्दीचं रिलीज कोण आणणार? तो फोटो शटरस्टॉकवर ‘एडिटोरियल’ म्हणून, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर बातम्या-लेखांसाठी, द्या. मथळ्यात ठिकाण आणि तारीख लिहा. इथे मात्र लोगो पुसायचे नाहीत.

एकाच क्षणाच्या दहा फ्रेम पाठवू नका. दोन पुरे.