चिमटा कुणाच्या हातात? कोरियात पहिल्यांदा गोगीजिपमध्ये जाताना

सुवॉनला राहायला आले त्या पहिल्याच शनिवारी मी एकटीच घराखालच्या गोगीजिपमध्ये शिरले. गोगी म्हणजे मांस, जिप म्हणजे घर. टेबलातच बसवलेल्या शेगडीवर आपलं आपण भाजायचं आणि खायचं, ते हे ठिकाण. काउंटरवरच्या मावशींनी एक बोट वर करून भुवया उंचावल्या. मी हसून मान डोलावली. त्यांनी दोन्ही हातांची फुली केली. मला वाटलं, बंद करतायत. पण संध्याकाळचे सहाच वाजले होते आणि निम्मी टेबलं भरलेली होती.

कारण नंतर ऑफिसात कळलं. शेगडी पेटवायची, दहा-बारा वाट्या मांडायच्या, हा खटाटोप एका माणसासाठीही तेवढाच. म्हणून बहुतेक ठिकाणी पहिली ऑर्डर किमान दोन माणसांची घेतात, कुठे कुठे तीन. एकट्यासाठी छोट्या शेगड्या मांडलेली दुकानं मोठ्या शहरांत सापडतात, पण पहिल्या वेळी तिथे जाऊ नका. तीन-चार जण जमवा आणि त्यात एक तरी कोरियन असू द्या. याचा उपयोग पुढे चिमट्यापाशी कळेल.

घरातून निघण्याआधी: काय चालतं, काय नाही

आपल्यातले बरेच जण ‘मी नॉनव्हेज खातो’ एवढं सांगून मोकळे होतात. घरी त्याचा अर्थ चिकन, मटण, मासे असा असतो. इथे नुसतं ‘मांस’ म्हटलं तर समोर बहुधा डुक्कर येतं, आणि पाहुण्याचा मान ठेवायचा असेल तर गाय. रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यांतून ट्रेनिंगला आलेल्या मुलांची पहिली फजिती इथेच होते. टीमचं जेवण ठरलेलं असतं, सगळे टेबलाभोवती बसलेले असतात आणि हा बिचारा काकडी खात बसतो. टीमच्या जेवणाला इथे ‘ह्वेशिक’ म्हणतात. ते दोन-तीन दिवस आधी ठरतं, तेव्हाच सांगून टाका. ‘द्वेजीगोगी मोन् मोगोयो’ म्हणजे मला डुकराचं चालत नाही. गाईचं नको असेल तर याच वाक्यात ‘द्वेजीगोगी’च्या जागी ‘सोगोगी’ म्हणा. कुणी वाईट मानत नाही. वाईट वाटतं ते आयत्या वेळी सांगितल्यावर, कारण मग यजमानाची पंचाईत होते.

दोन्ही नको असेल तरी शेगडी सुटत नाही. चुनचॉन गावाचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे ते ताक्काल्बी म्हणजे तिखट मसाल्यातलं कोंबडीचं मांस, मोठ्या लोखंडी तव्यावर कोबी आणि रताळ्याबरोबर परतलेलं. यांग्कोची म्हणजे मेंढीच्या मांसाच्या सळया, वर जिरं आणि मिरची भुरभुरलेल्या. जिऱ्याचा तो वास आला तेव्हा मला एकदम घरची आठवण झाली होती. बदक, वाम, शिंपले भाजून देणारी दुकानंही निराळी असतात. कोकणातल्या माणसाने आधी शिंपल्यांकडे वळावं, हा माझा पक्षपाती सल्ला.

शाकाहारी माणसाला मात्र खरं ते सांगते: गोगीजिप तुमच्यासाठी नाही. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, सोयाबीनच्या आमटीचं पाणी सुकटीचं असतं आणि थंड शेवयांचा रस्सा बहुतेक वेळा गाईच्या मांसाचा. मित्रांसोबत जावंच लागलं तर भात, पानं, लसूण आणि मश्रूमवर निभावता येतं, पण तवा सगळ्यांचा एकच असतो हे ध्यानात ठेवा. गाईचं न खाणाऱ्या मांसाहाऱ्यांनीही त्या शेवयांपासून सावध राहावं.

ऑर्डर

धुराचा वास कपड्यांत दोन दिवस राहतो, म्हणून चांगलं जाकीट घालून जाऊ नका. तरी घातलंच असेल, तर पुष्कळ ठिकाणी बसायच्या गोल स्टुलाचं झाकण उघडतं, त्यात कोंबा. नाहीतर मोठी प्लास्टिकची पिशवी मागा. चमचे आणि चॉपस्टिक टेबलाच्या कडेच्या खणात असतात. पहिल्यांदा मी ते येतील म्हणून दहा मिनिटं वाट पाहत बसले होते.

हाक मारायची ती ‘योगीयो!’ अशी, म्हणजे ‘अहो, इकडे’. मोठ्याने मारा, इथे तो उद्धटपणा नाही. टेबलावर बटण असेल तर तेही लागत नाही.

मांस ‘इनबुन’वर मोजतात, म्हणजे एका माणसाचा वाटा. तो साधारण १५० ते २०० ग्रॅमचा असतो. सगळ्यात जास्त खपतं ते साम्ग्योप्सल. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे थर, साल म्हणजे मांस: डुकराच्या पोटाकडचा, चरबी आणि मांसाचे थर असलेला भाग. त्याच्यावर इथल्या लोकांचा इतका जीव, की ३ मार्चला, म्हणजे ३/३ला, साम्ग्योप्सल दिवस असतो आणि दुकानांत सूट लागते. सोलमध्ये २०० ग्रॅमची सरासरी किंमत २०२४ मध्ये २०,००० वॉनच्या पुढे गेली. आपल्या हिशेबाने बाराशे रुपयांच्या आसपास. गाईचं याहून बरंच महाग, आणि ‘हानू’ या देशी जातीचं तर खिसा चाचपूनच मागवावं. मांस कुठल्या देशातून आलं ते फलकावर लिहिणं हॉटेलांना बंधनकारक आहे, त्यामुळे भाव कमी का, हे तिथेच कळतं.

आधी साधं, मसाला न लावलेलं मांस मागवा. मुरवलेली गाल्बी, म्हणजे फासळीचं मांस, नंतर. तिच्यात सोया सॉस, साखर, नाशपातीचा रस असतो. आधी ती टाकली तर तवा काळा पडतो आणि मग साध्या मांसाची चव कळत नाही. सुवॉनची गाल्बी याला थोडा अपवाद, ती जुन्या पद्धतीने मिठाच्या मसाल्याची करतात. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये इथे ह्वासॉंगचा कोट बांधला, पुढे गावात बैलांचा मोठा बाजार भरू लागला, आणि बाजारामागोमाग हातभर लांब फासळ्यांची ही ‘वांगगाल्बी’ आली. वांग म्हणजे राजा. आकारामुळे म्हणतात.

भोवतीच्या वाट्या, म्हणजे किमची, मुळा, कांद्याच्या पातीची कोशिंबीर, पानं, फुकट असतात आणि संपल्या की पुन्हा मिळतात. कोपऱ्यात ‘सेल्फ’ लिहिलेलं असेल तर स्वतः उठून घ्या, पण लागेल तेवढंच.

चिमटा

आता मुख्य गोष्ट. टेबलावर एक चिमटा आणि एक कात्री येते. पहिल्या दिवशी दोन्हींना हात लावू नका.

रिवाज असा, की सगळ्यात लहान माणूस भाजतो. त्याला ‘मांग्ने’ म्हणतात, आपल्याकडे शेंडेफळ. पण प्रत्यक्षात ज्याचा हात चांगला त्याच्याकडे चिमटा जातो, आणि असा एक जण प्रत्येक टोळक्यात असतोच. दुसऱ्याने मधेच मांस उलटलेलं त्याला खपत नाही. आमच्याकडे पुरणपोळी लाटताना आजीच्या पोळपाटाला हात लावला की जे होतं, तेच. महागड्या दुकानांत वाढणारेच भाजून देतात, तिथे प्रश्न मिटला.

बसा आणि बघा. तवा कडक तापला की बोटाएवढ्या जाड पट्ट्या त्यावर पडतात. ‘च्यॅर्र’ असा आवाज आला नाही तर तवा तापलेला नाही. वरच्या बाजूला ओलावा पाझरून मणी दिसू लागले की एकदाच उलटायचं. सारखं उलटसुलट करणाऱ्याला हमखास बोलणी बसतात. मला बसली आहेत. दुसरी बाजू तांबूस झाली की कात्रीने घासाएवढे तुकडे, आणि मग ते तुकडे कापलेल्या कडांवर उभे करून शेकायचे. डुकराचं मांस आतपर्यंत शिजलं पाहिजे, त्यात घाई नको. याउलट चादोल्बागी नावाचे गाईच्या मांसाचे कागदासारखे काप असतात. ते काही सेकंदांत होतात, गप्पा मारत बसलात तर चामडं.

तवा थोडा तिरका असतो. चरबी खालच्या बाजूला उतरते आणि तिथेच किमची टाकतात. त्या चरबीत परतलेली आंबट किमची मला मांसाहून जास्त आवडते. लसणाच्या पाकळ्या फॉइलच्या वाटीत, तिळाच्या तेलात ठेवतात, त्या कुरकुरीत झाल्या की काढायच्या. तवा काळा झाला तर ‘बुलपान’ बदलून मागा, पैसे पडत नाहीत. कच्च्या मांसाला लागलेल्या चिमट्याने शिजलेलं उचलू नका. स्वतःच्या चॉपस्टिकने कच्चं तर अजिबात नाही.

तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी चिमटा तुमच्याकडे सरकवेल. तेव्हा घ्या.

विडा

खायची रीत आपल्याला लगेच जमते, कारण तो सरळ सरळ विडा आहे. डाव्या तळहातावर सॅलडचं पान, हवं तर त्यावर क्केन्निप, म्हणजे पेरिला नावाच्या रोपाचं पान. त्याचा वास उग्र असतो, काहींना पहिल्यांदा औषधासारखा लागतो, तर आधी अर्धंच घ्या. त्यावर तिळाच्या तेल-मिठात बुडवलेला मांसाचा तुकडा, बोटाच्या टोकाएवढं स्सामजांग (सोयाबीन आणि मिरचीची आंबवलेली चटणी), लसूण, पातीची कोशिंबीर, वाटलं तर भाताचा गोळा. कडा वर ओढून मिटा आणि अख्खा तोंडात घाला. अर्धा चावून खाली ठेवणं इथे ओंगळ दिसतं, शिवाय सगळं मांडीवर सांडतं. तोंड फुगतं, बोलता येत नाही, आणि टेबलावरचे सगळे तेव्हाच तुम्हाला प्रश्न विचारतात. लहान पान निवडा.

डाव्या हातावर अन्न घ्यायला मला आठवडाभर संकोच वाटला. कुणी स्वतःच्या हाताने विडा करून तुम्हाला दिला, तर तो मायेचा भाग आहे, घ्या.

बाकीचं

सोजू, म्हणजे इथली दारू, स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायची नाही. शेजाऱ्याला ओता, तो तुम्हाला ओतेल. मोठ्या माणसाकडून पेला घेताना दोन्ही हात पुढे करा आणि पिताना तोंड थोडं बाजूला वळवा. घेत नसाल तर पेल्यात कोक घेऊन ‘गॉन्बे’, म्हणजे ‘चिअर्स’, म्हणा, चालतं.

मांस संपलं म्हणजे जेवण संपलं असं समजून पोट भरून घेऊ नका. आता भात, सोयाबीनची उकळती आमटी किंवा थंड शेवया मागवतात. तव्यावरच्या उरल्यासुरल्यात भात परतून देणारी दुकानं असली तर तोच घ्या. तळाशी धरलेली खरपुडी खरवडायला सगळे पुढे सरसावतात, तेव्हा चिमट्याचा नियम कुणी पाळत नाही.

बिल दाराजवळच्या काउंटरवर. टीप ठेवत नाहीत. ठेवलीत तर ती परत द्यायला मावशी रस्त्यापर्यंत धावत येतील. ऑफिसच्या जेवणात पाकीट काढायची झटापट करू नका, बहुधा मोठा माणूस किंवा टीमचं कार्ड देतं. पुढच्या वेळी कॉफी तुमच्याकडून. दाराशी कपड्यांवर मारायचा सुगंधी फवारा ठेवलेला असतो, त्याने फारसा फरक पडत नाही.

बाहेर आल्यावर कुणीतरी ‘ईछा?’ म्हणेल. म्हणजे दुसरी फेरी: बिअर, नाहीतर गाण्याची खोली. ऐकायला अगदी आपल्या ‘इच्छा’सारखं, आणि अर्थही त्याच्या जवळपासच. नसेल तर शेवटची मेट्रो निघेल असं सांगा, कुणी आग्रह करत नाही.