माशी बॅरलवर की रेलवर?

कोकणात आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीच्या टोकावर पितळेचा मणी बसवलेला, त्याला घरात सगळे माशी म्हणत. माशी नळीवरच असायची, दुसरीकडे कुठे बसेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. आता मी ओहायोत राहतो आणि एआर-15 रायफलवर, दुर्बीण न लावता, साध्या साइटने सर्व्हिस रायफलचे, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींचे, सामने खेळतो. इथे नवी रायफल जुळवणारा प्रत्येक जण विचारतोच: फ्रंट साइट बॅरलवर घेऊ की हँडगार्डच्या रेलवर? फ्रंट साइट म्हणजे माशी, बॅरल म्हणजे नळी, हँडगार्ड म्हणजे नळीभोवतीचं हाताने धरायचं आवरण, आणि रेल म्हणजे त्याच्यावरची खाचांची पट्टी.

स्लिंग, म्हणजे दंडावर चढवायचा पट्टा, आवळून साध्या साइटवर गुण मिळवायचे असतील तर बॅरलवर घ्या. खरा नेम दुर्बिणीवर आणि साइट फक्त अडीअडचणीला असेल, तर रेलवर खुशाल बसवा.

हे मला एका सामन्याने शिकवलं. मी हलका, पातळ ॲल्युमिनियमचा 15 इंची हँडगार्ड लावला होता. बॅरल फ्री-फ्लोट, म्हणजे हँडगार्ड तिला कुठेच टेकत नव्हता. फ्रंट साइट रेलच्या पुढच्या टोकावर आणि स्लिंगही तिथेच अडकवलेली. वाळूच्या पिशवीवर ठेवून झीरो केली, म्हणजे गोळी नेमावर लागेल अशी साइट जुळवली, तेव्हा 200 यार्डांवर गोळ्या मधोमध लागल्या. सामन्यात बसून रॅपिड फायर केला, तर दहाच्या दहा गोळ्या वर उजवीकडे, मध्यापासून जवळपास 5 इंचांवर. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 7 इंच व्यासाचं असतं, म्हणजे एकही गोळी आत नाही. गट मात्र मुठीत मावेल इतका घट्ट. नेम बरोबर होता, साइट जागेवर नव्हती.

घरी आल्यावर डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल मोजणारं काट्याचं मापक, काढला. पिंपरीत टूलरूममध्ये सात वर्षं काढलीत, मोजल्याशिवाय मला झोप येत नाही. तुम्हीही हे करून बघा. रायफल रिकामी करा, बोल्ट मागे अडकवा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) बोट घालून खात्री करा, चेंबर फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामं असल्याची खूण, लावा. रिसीव्हर, म्हणजे रायफलचा मधला सांगाडा, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा. डायल गेजचा क्लॅम्प बॅरलला आवळा आणि टोक रेलला, साइटच्या शेजारी, टेकवा. मग स्लिंगला बॅग तोलायचा काटा अडकवून, पडून नेम धरताना जशी ओढ बसते तशी ओढा. माझ्याकडे 10 किलोला रेल 0.25 मिलिमीटर खाली आणि तेवढीच डावीकडे सरकली. हात सोडला की गेजचा काटा परत शून्यावर.

एवढ्याशा हालचालीने काय होतं, त्याचं गणित सोपं आहे. मागची आणि पुढची साइट यांच्यात 500 मिलिमीटर अंतर असेल आणि पुढची 0.1 मिलिमीटर हलली, तर 100 मीटरवर गोळी 20 मिलिमीटर चुकते. साइटमधलं अंतर 370 वर आलं की तीच चूक 27 होते. शिवाय गोळी साइटच्या उलट दिशेला जाते. मी उजव्या हाताचा, स्लिंग डाव्या दंडावर. ती रेल खाली-डावीकडे ओढते, मी माशी पुन्हा मधोमध आणतो, आणि त्या नादात बॅरलचं तोंड वर-उजवीकडे जातं. जाड, आखूड, रिसीव्हरवर भक्कम बसलेल्या हँडगार्डवर हा आकडा बराच खाली येतो, पण मोजल्याशिवाय कुणाच्या शब्दावर जाऊ नका.

बॅरलवरची साइट मात्र बॅरलबरोबरच राहते. तिच्यातही बघायच्या गोष्टी आहेत. साइट बेस (साइटचा पाया) टेपर पिनांनी, म्हणजे निमुळत्या खिळ्यांनी, बसवलेला असेल तर उत्तम. नुसत्या सेट स्क्रूवर (बाजूने आवळायच्या स्क्रूवर) असेल तर तो तापून-थंडावून ढिला होऊ शकतो. बेस तिरका बसलाय का, हे रायफल मागून बघून आणि झीरो केल्यावर मागच्या साइटचं विंडेज (डावी-उजवी सेटिंग) तपासून कळतं. विंडेज एका बाजूला खूप गेलं असेल तर बेस बहुधा वाकडा आहे. पिना स्वतः ठोकत बसू नका, गनस्मिथकडे न्या. आणि जुन्या पद्धतीच्या साध्या हँडगार्डवर स्लिंग थेट साइट बेसला अडकते, तेव्हा ती बॅरललाच ओढते आणि गोळ्या खाली जातात. म्हणून सर्व्हिस रायफलवाले साध्या हँडगार्डच्या आत फ्लोट ट्यूब, म्हणजे बॅरलला न टेकणारी नळी, घालतात: स्लिंग ट्यूबला, साइट बॅरलला. मी शेवटी हेच केलं आणि पुढच्या सामन्यात बसून झाडलेल्या सगळ्या गोळ्या टार्गेटच्या काळ्या वर्तुळात होत्या.

उंचीत फसू नका. एआरच्या गॅस ब्लॉकवरची (बॅरलवर बसवलेल्या, गोळीमागचा गॅस वळवणाऱ्या ठोकळ्यावरची) रेल रिसीव्हरच्या रेलपेक्षा सहसा खाली असते, त्यामुळे तिथली फ्रंट साइट उंच लागते. हँडगार्डसाठीची साइट गॅस ब्लॉकवर लावली तर गोळ्या वर जातात आणि ॲडजस्टमेंट अपुरी पडते. प्लॅस्टिकची घडीची साइट तर गॅस ब्लॉकवर बसवूच नका, तिथली उष्णता तिला सोसत नाही.

रेलच घ्यायची ठरली, तर साइट हँडगार्डच्या मुळाकडे नको, पुढेच ठेवा, पण स्लिंगचा स्विव्हल (अडकवायची कडी) जितका मागे घेता येईल तितका घ्या. आणि झीरो पिशवीवर करून थांबू नका. ज्या पोझिशनमध्ये झाडणार त्याच पोझिशनमध्ये, स्लिंग नेहमीइतकीच आवळून, झीरो करा. गोळी वर न्यायची असेल तर पोस्ट (फ्रंट साइटचा खुंट) खाली जाते, हे घाईत उलटं होतं. शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून साइटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. प्रत्येक सामन्याआधी मी आधी ती रेघ बघतो, मगच स्लिंग दंडावर चढवतो.