पोकळ ओटा आणि पाताळात गेलेलं सिमेंट

डिप्लोमा करून सोलापुरात साईटवर लागलो, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. एका जुन्या बंगल्याच्या मागचा ओटा पोकळ वाजतो, म्हणून मला पाठवलं. 10 सेंटीमीटरचा साधा पीसीसी, म्हणजे नुसतं काँक्रीट, आत सळई नाही. वरून एकच बारीक चीर. घरातल्या काकूंचं म्हणणं, पाण्याचा ड्रम सरकवला की खालून नगारा वाजल्यासारखं होतं.

पोकळी शोधायला यंत्र लागत नाही. दोन किलोचा हातोडा घ्या, हातभर अंतरावर ठोकत चला. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी ढब. प्रत्येक ढब आवाजाभोवती खडूने रेघ मारा. माझी रेघ 2 मीटर बाय दीड मीटरची झाली. मग ड्रिलने भोकं पाडून वाकवलेली तार आत सोडली आणि खोली मोजली. सरासरी 6 सेंटीमीटर. म्हणजे 0.18 घनमीटर, 180 लिटर. एकास तीन मालाला (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) पावणेदोन गोण्या सिमेंट बसतं. हिशेब मी वहीत लिहिला आणि मिस्त्रींना ऐटीत दाखवला.

आता चूक. ओट्याच्या कडेला सांडपाण्याचं चेंबर होतं. सकाळीच मी त्यातला गाळ काढून घेतला होता. गाळ तांबूस, रवाळ. ओट्याखाली भरावाला घालतात तो मुरूमच! हातात घेऊनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. 180 लिटर भराव नाहीसा होतो, तो कुठे जातो, हा प्रश्न मी विचारलाच नाही. भराव नुसता दबलेला असेल तर तो जागीच खाली बसतो. बांधकामाच्या वेळी पाट्या ओतून वरवर पाणी मारलं, धुमस (भराव ठोकून बसवायचं जड साधन) फिरवली नाही, की हे होतंच. सोलापूरची काळी माती तर उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. घुशीही पोखरतात, पण मग कडेला बीळ आणि उकरलेली माती दिसते. चेंबरात मुरूम सापडला तर मात्र समजायचं, पाणी भराव वाहून नेतंय.

आम्ही माल ओतायला घेतला. बारीक चाळलेली वाळू, सिमेंट, ताकासारखा पातळ. पद्धत बरोबर होती : सगळ्यात खालच्या भोकातून ओतायचं, शेजारच्या भोकातून हवा बाहेर पडू द्यायची, तिथे माल वर आला की लाकडी गुल्ली ठोकायची. दाबाने पंप लावायचा नाही, ओटाच उचलला जाईल. दोन गोण्या गेल्या. माल कुठूनच वर येईना. तिसरी फोडली.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, सिमेंट पाताळात चाललंय."

चेंबरचं झाकण उघडलं तर आत राखाडी धार. धावपळ काय झाली ती विचारू नका. साध्या सिमेंटला निदान अर्धा तास तरी पकड येत नाही, त्या अर्ध्या तासात नळी लावून, बांबूच्या लांब खपाट्या घालून लाईन मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी 60 सेंटीमीटरची पट्टी फोडली. खाली स्टोनवेअरचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा जुना पाईप, एक सांधा दोन बोटं उघडा. तिथला पाईप बदलून पीव्हीसी टाकला, पाणी सोडून गळती तपासली, मग मुरूम 15 सेंटीमीटरच्या थरांनी, ओला करून धुमसत भरला आणि वर पीसीसी केलं. ओट्याचा उतारही भिंतीकडे होता. तो मीटरला 1 सेंटीमीटर बाहेर वळवण्यासाठी वर कोबा, म्हणजे काँक्रीटचा पातळ थर, घ्यायचा ठरवला, तो मात्र पोकळी भरल्यावर. भिंतीकडे पाणी मुरलं असतं तर पुन्हा तोच खेळ.

ओट्याचे तुकडे झाले असते, किंवा एक बाजू खचली असती, तर भरण्याच्या भानगडीत पडलो नसतो. फोडून नवा करणं स्वस्त पडतं.

आठ दिवसांनी उरलेली पोकळी भरली. आधी कडा मालाने बंद केल्या, आतली माती ओलसर केली, चेंबरवर एक माणूस बसवला. सव्वा गोणी लागली, कारण पहिल्या दिवशीचा थोडा माल आत राहिलाच होता. आठवडाभर ओट्यावर ड्रम ठेवू नका, असं काकूंना बजावलं.

मग मिस्त्रींनी हातोडा घेतला आणि माझ्या खडूच्या रेघेवर ठोकत निघाले. खण, खण, खण. नळाजवळच्या कोपऱ्यात ढब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ड्रिलची वायर पुन्हा उलगडली.